समोर बसवून

शेजारी भांडण सुरू झालं की मी हातातलं पुस्तक मिटतो, आणि मग आपण चोरून ऐकतोय याची लाज वाटून पुन्हा उघडतो. वाचत मात्र नाही. प्रेमराजच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही मातीची. त्यामुळे त्या सकाळचं बापलेकीचं भांडण मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"कोनासंगे बोलत व्हती?"

"कोनासंगेच नही."

"मंग काय भिताडसंगे बोलत व्हती?"

"हां."

त्यानंतर एक भांडं आपटलं, दिपमाला नवऱ्याला 'आते पुरे करा' म्हणाली, आणि भूमिकाच्या चपला अंगणातून बसच्या दिशेने गेल्या. भूमिका त्यांची एकुलती पोर. सोळा संपून सतरावं लागलेलं, तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला.

थोड्या वेळाने प्रेमराज माझ्या ओट्यावर येऊन बसला. दिवाळी नुकतीच सरली होती. रानात कापूस एकदम फुटला होता, दव सुकलं की घरादाराने वेचणीला पळायचं. अशा दिवसांत हा माणूस सकाळी माझ्याकडे येऊन बसला, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

त्याने सांगितलं ते असं. गणपती उठले तेव्हापासून पोरगी घरात बोलतच नाही. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. आधी बसमधून उतरल्यापासून तिचं तोंड चालू असायचं, दिपमाला कंटाळून जायची. आता फोन घेते आणि गोठ्यामागे जाते. काल बैलांना चारा टाकायच्या निमित्ताने तो कडब्याच्या गंजीआड उभा राहिला आणि त्याने ऐकलं. पोटच्या पोरीचं बोलणं लपून ऐकल्याचं तो काही न वाटता सांगत होता, आणि मी कुठल्या तोंडाने काही म्हणणार होतो?

"काय बोलनी ते आयका, नाना. 'मला तुमच्याशी बोलायचं आहे, पण धीर होत नाही.' आस्सं. एकदम शुद्ध. आपला गावना पोऱ्या ऱ्हाता तर आपली बोलीमा बोलती ना? हाऊ शहरना शे कोनीतरी. मोठा घरना."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर फारच पटलं. समोरच्या भिकुबाईने आधीच दिपमालेच्या कानात घातलं होतं की पोरगी बसच्या थांब्यावर एकटीच ओठ हलवत असते. प्रेमराजच्या मेव्हण्याने शिंदखेड्याकडचं एक स्थळ सुचवलं होतं. त्याला अजून होकार गेला नव्हता, पण नकारही गेला नव्हता.

"तुम्ही वाचेल मानूस शेतस," तो म्हणाला. "सांगा, काय करू?"

मला कोणी काही विचारून बरीच वर्षं झाली होती. गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे होती तेव्हा लोक निदान वर्तमानपत्र आलं का ते विचारायचे. मी उठलो, फळीवरचा गठ्ठा उपसला आणि एका मासिकातला लेख काढला. वयात येणाऱ्या मुलांशी कसं बोलावं, असा काहीतरी विषय होता. त्याला वाचून दाखवला. हातातली कामं बाजूला ठेवा. फोन बाजूला ठेवा. मुलाला समोर बसवा, डोळ्यांत डोळे घालून बोला. आवाज चढवू नका. ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल असा प्रश्न विचारू नका.

वाचतानाच मनात येत होतं की आपल्याला मुलगी नाही, मुलगा पुण्याला आहे आणि त्याच्याशी आपलं बोलणं तब्येतीपलीकडे जात नाही. मग आपण हे कोणत्या अधिकाराने सांगतोय? पण प्रेमराज इतकं लक्ष देऊन ऐकत होता की ते बोलून दाखवायचं राहून गेलं. उठताना तो म्हणाला की तुम्हालाही यावं लागेल, तुम्ही असलात तर माझा आवाज चढणार नाही.

शनिवारी दुपारी बैठक ठरली. प्रेमराजने वेचणी अर्ध्यावर टाकली, दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. ओसरीत सतरंजी अंथरली. मीही धुतलेला पायजमा आणि टोपी घालून गेलो. महत्त्वाच्या कामाला बोडक्याने जाणं बरं दिसत नाही. दिपमालेने स्वयंपाकघराच्या दारातून मला हळूच विचारलं, "नाना, पोरले असं समोर बसाडानं, हाई खरंच पुस्तकमा लिखेल शे का?"

मी हो म्हणालो. लिहिणारा कोण, तिने विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर आहे. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्या डॉक्टरवर तिचा विश्वास नव्हता आणि माझ्यावर तर त्याहून नव्हता. तरी तिने जास्त दुधाचा चहा टाकला, दिवाळीची उरलेली शेव बशीत काढली आणि ट्रंकेतल्या कपबश्या पुसून ठेवल्या. समोरच्या ओट्यावर भिकुबाई पदराला हात पुसत उभी होती. तिचे हात कधीचे कोरडे झाले असावेत.

बसमधून उतरून भूमिका आली आणि दारातच थांबली. तिने बापाचा सदरा पाहिला, सतरंजी पाहिली, माझी टोपी पाहिली. दिपमालेने तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली, पदराने तिचं तोंड पुसलं, ओढणी सारखी केली आणि चहाचा ट्रे तिच्या हातात दिला. "जाय, नानाले चहा दे."

आमच्यापैकी कोणाच्याच काही ध्यानात आलं नाही. तिने ट्रे खाली ठेवला. प्रेमराजने ठरल्याप्रमाणे तिच्या डोळ्यांत पाहिलं. असं त्याने जन्मात कधी पाहिलं नसेल. मग इतक्या मऊ आवाजात बोलला की मीच दचकलो.

"बेटा, मव्हरे तुना काय इचार शे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. "नाना, तुम्ही बी?" एवढंच म्हणाली. आत गेली आणि कडी लावली.

मग गल्लीपलीकडून भिकुबाईने दिपमालेला विचारलं, "पोर दखाडी का आज? पाव्हना कोठला शेतस वं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पोरीला तोंड पुसून, हातात चहा देऊन, टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासमोर कधी बसवतात, आणि पुढचा विचार काय असं कधी विचारतात? मासिकातल्या डॉक्टरला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

दिपमाला दाराशी बसून पोरीला शपथा घालू लागली. आतून आवाज आला, "शिंदखेडावालास्ले हो म्हनी दिधं ना? मंग माले कसाले इचारतस?"

प्रेमराज चरकला. शिंदखेड्याचं नाव हिला कसं कळलं? ते बोलणं तर त्याने आणि मेव्हण्याने मागच्या खोलीत केलं होतं. म्हणजे पोरगीही दाराआडून ऐकत होती. बाप गंजीआड, मुलगी दाराआड आणि मी भिंतीआड.

मी त्याला म्हटलं की चूक माझी आहे, तिला खरं काय ते सांग. पण त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. लग्नाच्या नुसत्या वासाने पोरगी एवढी घाबरते, त्या अर्थी नक्कीच कोणीतरी आहे. तो ओट्यावर आला आणि आत ऐकू जाईल असं म्हणाला, "सोमवारपाइन कॉलेज बंद. कापूस येचाले चाल."

सोमवारी मी त्यांच्या रानात गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना, आणि वेचणीला माणसं मिळत नव्हती हे एक निमित्त होतं. माझी वेचणी म्हणजे काय सांगावं? बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं सोलून निघतात आणि कमरेची ओटी काही भरत नाही. दिपमाला बायकांबरोबर वरच्या अंगाला होती. खाली आम्ही तिघं: मधे भूमिका, तिच्या एका बाजूला प्रेमराज, दुसऱ्या बाजूला मी. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या होत्या आणि खालच्या पट्टीतला दिवाळीच्या पावसात भिजलेला कापूस काळवंडून तसाच झाडाला लोंबत होता. भूमिकाची ओळ सगळ्यांच्या पुढे होती. राग असला की हात चालतात.

तेवढ्यात प्रेमराजचा फोन वाजला. पीक विम्याचा माणूस होता. प्रेमराज ओटी सावरून ताठ उभा राहिला, जणू तो माणूस बांधावरच आला होता.

"हां साहेब. हो साहेब. ते भिजेल शे… म्हणजे भिजलं आहे… नाही साहेब… हो… बरं साहेब."

फोन बंद झाला. खालच्या पट्टीतला कापूस काळा पडल्याचं त्याने सांगितलंच नव्हतं. फोन खिशात टाकून तो खाली वाकला आणि बोलू लागला. माझ्याशी नाही, पोरीशीही नाही, बोंडांशी म्हणावं तर तसं.

"मन्ही जीभच आडी पडस. साहेब बोलाले लागना का काय सांगानं तेच इसरी जास. शुद्ध बोलाले गऊ का भलतंच निंघस तोंडमाथून. तो हसत नही तरी माले वाटस, हसी ऱ्हायना."

भूमिकाचे हात थांबले. तिने मान वर केली नाही.

"आबा, माले बी हसतस."

प्रेमराजने तोंड उघडलं. कोण, कुठे, कधी, असं सगळं आता बाहेर पडणार या भीतीने मी जागीच उभा राहिलो. पण त्या फोनने त्याच्यातला फौजदार काढून घेतला असावा. त्याने तोंड मिटलं आणि पुढच्या झाडाला हात घातला. दोघं वाकलेली, दोघांची नजर कापसात. मग ती बोलायला लागली.

गणपतीनंतर वर्गात मॅडमनी तिला उभं करून धड्याचा सारांश सांगायला लावला होता. तिला सगळा येत होता. सांगता सांगता रंगात आली आणि म्हणाली, 'मग बठ्ठे लोक घरी गेले.' 'सगळे'च्या जागी घरचं 'बठ्ठे' तोंडून गेलं आणि वर्ग हसत सुटला. तेव्हापासून मागच्या बाकावरची पोरं तिला बठ्ठा म्हणून हाका मारतात. आता तोंडी परीक्षा आली. म्हणून ती गोठ्याच्या भिंतीसमोर उभी राहून शुद्ध बोलायची सवय करत होती. नुसतं बोललं तर लोक वेडी म्हणतील, म्हणून फोन कानाला. आणि सकाळी घरात आपली बोली बोललं की ती दुपारी वर्गात जिभेवर येते, म्हणून घरात बोलणंच बंद. प्रेमराजने ऐकलेलं ते वाक्य मॅडमसाठी होतं. माझी परीक्षा सगळ्यांसमोर घेऊ नका, एवढं तिला त्यांना सांगायचं होतं.

"म्हंजे फोनवर कोनीच नव्हतं?" प्रेमराजने शेवटी विचारलंच.

"भिताड व्हतं. मी सांगेल व्हतं ना तुमले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, माझीही खात्री होत नव्हती. इतक्या दिवसांचा संशय असा दोन झाडांच्या अंतरात जात नाही. तो म्हणाला, "म्हनी दखाड. बाईले काय म्हननार ते."

तिने वाकल्या वाकल्याच म्हटलं, "मॅडम, मला तुमच्याशी बोलायचं आहे, पण धीर होत नाही." 'पण'पाशी ती किंचित अडखळली. प्रेमराजने मान हलवली. गंजीआडून त्याने हेच ऐकलं होतं, हेच अडखळणंही.

"शिंदखेडावालाले मी हो म्हनेल नही," तो म्हणाला. "म्हननार बी नही. शनवारे ते तसं काही नव्हतं. नानास्नी पुस्तक वाची सांगं, नि आम्ही भुललूत."

ती हसल्यासारखं वाटलं. माझ्यावर हसली असेल तर मला चालणार होतं.

"मंग आते साहेबले काय म्हनू?" प्रेमराजने तिला विचारलं.

"म्हना, खालच्या पट्टीतला सगळा कापूस दिवाळीच्या पावसात भिजून काळा पडला."

त्याने दोनदा ओठांतल्या ओठांत घोकलं आणि फोन लावला. "साहेब, मी मघाशी… खालच्या पट्टीतला… बठ्ठा…" आणि अडकला. पोरीकडे बघू लागला. तिला योग्य शब्द सांगता आला असता. तिने हळूच म्हटलं, "बठ्ठाच म्हना, आबा. समजी त्याले."

"बठ्ठा कापूस काळा पडला, साहेब," प्रेमराज म्हणाला. पलीकडच्याने पुन्हा विचारलं असावं, कारण त्याने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मोठ्याने. बघायला येतो, असं साहेब म्हणाला म्हणे. येईल तेव्हा खरं.

पुन्हा वेचणी सुरू झाली. बऱ्याच वेळाने प्रेमराजने, पाऊसपाण्याचं विचारावं तसं, सकाळी बस कितीला असते ते विचारलं. ती म्हणाली, तीच, रोजची. मग त्याच्या आवाजात जुनी धार आली.

"ते हसनारा पोऱ्या शेतस ना, त्यास्ना…"

तो मधेच थांबला. ओठ दाबून एका बोंडातला कापूस उगीचच पुन्हा पुन्हा ओढत राहिला. भूमिका तीनचार झाडं पुढे गेली, जरा रेंगाळली, आणि त्याची ओळ आपल्या ओळीला येऊन मिळेपर्यंत हळूहळू वेचत राहिली.

"आबा," ती म्हणाली, "त्यास्मा एक शे ना…"

पुढचं मला ऐकू आलं असतं. पण मी ओटी सोडली, बांधावर जाऊन बसलो आणि तिकडे पाठ केली.