बांधीतली शर्यत

उर्वशीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चिखलात पाय टाकला.

शाळेच्या मैदानात पाणी साचले होते, म्हणून राजदीप सरांनी मुलींची शर्यत यंदा गुणाबाईच्या धानाच्या शेतातल्या, चिखल करून ठेवलेल्या बांधीत घेतली होती. गुणाबाई म्हणजे उर्वशीची आजी. गेल्या वर्षी मैदानावर उर्वशी सर्वांत शेवटी आली, तेव्हा मागून कुणीतरी ट्रॅक्टरचा आवाज काढला होता. तेव्हापासून खेळाच्या तासाला ती पोट दुखते म्हणून वर्गात बसायची आणि बारीक होण्यासाठी सकाळी उपाशी राहायची. यंदा आजीने तिला आठ दिवस रोवण्याला, धानाच्या लावणीला, नेले. उपाशीपोटी चिखलात वाकता येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. मग ती बायांच्या पंगतीत बसून भात, डाळ, तरोट्याची भाजी पोटभर जेवू लागली.

शिट्टी वाजली.

रस्त्यावर रोज धावणारी दिव्यानी टाच आधी टाकत होती. तिसऱ्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतली. उर्वशी रोवणाऱ्या बायांसारखी बोटे आधी रोवून टाच अलगद सोडवत निघाली. चिखल डोळ्यांत उडत होता, धुऱ्यावर एकच गलका झाला होता. अर्धी बांधी सरली तेव्हा तिच्यापुढे कुणी नव्हते. दम लागला होता, तरी पाय थांबेनात.

शेवट दहा पावलांवर असताना ती थांबली आणि चक्क मागे वळली.

“काऊन वं, रोवना करून राह्यली का?” गुणाबाई ओरडली. रोवणा मागे मागे सरकत करतात. बाया खो खो हसल्या. “सामने पाह्य!”

तोवर दिव्यानी शेजारून पुढे गेली होती. उर्वशी दुसरी आली.

हातातला पहिला नंबर घालवला म्हणून सर चरफडले. दिव्यानी मात्र धापा टाकत तिच्याजवळ आली.

“कोनी हसून राह्यलं का, थे पाह्यलं?”

“नाई वं.” उर्वशीच्या चिखलभरल्या चेहऱ्यात दात तेवढे चमकले. “माह्या मागं आजपावतर कोनीच नोतं. कसं दिसते, थे पाह्याचं होतं मले.”

चिखलातून अजून दहा जणी येत होत्या. उर्वशी धुऱ्यावर चढली नाही. तिथेच उभी राहून ती एकेकीला नावाने हाका मारू लागली.