चारही चाकांचा जोर

"गाडी बंद असली तरी हा प्लग चालू राहतो का?" सिस्टरने विचारलं.

शोरूममधली सेल्सवाली बाई हसली. "राहतो ना. डोंगरात जाऊन कॉफीचं मशीन लावा, गाणी लावा. पिकनिकवाले तर खास यासाठीच घेतात ही गाडी."

मामा बाहेर गेला. त्याने आपल्या जुन्या गाडीतलं ऑक्सिजनचं मशीन उचलून आणलं, नव्या गाडीच्या डिकीत ठेवलं आणि वायर लावली. मशीन घुरघुरायला लागलं. सिस्टरने नाकातली नळी खांद्यावरच्या छोट्या मशीनवरून काढून या मोठ्याला जोडली आणि स्वतः डिकीच्या कडेवर टेकली. सेल्सवालीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिने रंगांचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सावकाश बघा. मला घाई नाही."

मामाने अठ्ठावीस वर्षं इस्पितळाची अँब्युलन्स चालवली. तिथे सगळे त्याला मामा म्हणत, आणि छातीच्या वॉर्डात नर्स असलेल्या त्याच्या बायकोला सिस्टर. दोघांच्या पाळ्या कधी जुळल्याच नाहीत. एकाने घरात शिरायचं, दुसऱ्याने चपला घालायच्या, असा त्यांचा संसार. डोंगरावरच्या तळ्याच्या रस्त्याने तो शंभरदा तरी गेला असेल. कुणी घसरलेलं, कुणी बुडालेलं. माणूस स्ट्रेचरवर घ्यायचा आणि उतरायचं. पाण्याकडे बघायला कधी फुरसतच मिळाली नाही. रिटायर झालो की एकदा नुसतंच जाऊ, असं दोघांनी ठरवून ठेवलं होतं. तो रिटायर झाला आणि त्याच वर्षी सिस्टरची फुप्फुसं कडक व्हायला लागली.

हे तिसरं शोरूम होतं. पहिल्या गाडीला प्लगच नव्हता. दुसरीला होता, पण डिकी इतकी उंच की मशीन चढवताना मामाच्या कमरेतून कळ आली. शिवाय तिचा जोर फक्त पुढच्या चाकांना, आणि तळ्याच्या रस्त्याचे शेवटचे दोन किलोमीटर नुसते ओले धोंडे. या गाडीचा जोर चारही चाकांना होता. शिवाय विजेवर चालणारी, म्हणजे पेट्रोलचा वास नाही, धूर नाही. नुसता वास आला तरी सिस्टरला खोकल्याची उबळ यायची.

शोरूममागच्या खडकाळ चढावर मामाने गाडी घातली. सवयीने इतकी अलगद, की मागे बसलेल्या सेल्सवालीच्या हातातलं पाणी हललं नाही.

"हीच घेऊ," सिस्टर म्हणाली.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? तेवढ्या उंचीवर मशीन पुरं पडणार नाही."

"तीस वर्षं त्याच वॉर्डात काढली मी. ते आकडे मला कळतात."

"मग?"

"मग काय. वॉर्डातलं छत पाठ आहे मला. शेवटी तेच बघायचंय, तर आधी दुसरं काहीतरी बघू द्या की."

मामाने गाडी हळूच मागे घेतली. सेल्सवाली खिडकीबाहेर बघत राहिली.

गाडी दारात आली त्याच आठवड्यात ते निघाले. सिस्टरने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. निघताना त्र्याण्णव. घाट लागला तसा अठ्ठ्याऐंशी, मग चौऱ्याऐंशी. डांबरी रस्ता संपला तिथे एक्याऐंशी. मामाने गाडी थांबवली. तिचे ओठ निळसर झाले होते. असा पेशंट घेऊन काय करायचं, हे त्याला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं.

"मी आजवर या रस्त्याने माणसं खालीच नेली गं," तो म्हणाला.

सिस्टरला बोलायला दम पुरेना. तिने बोटाचा चिमटा काढला, समोरच्या कप्प्यात टाकला आणि कप्पा लावून घेतला. मग पदराने घाम टिपला. "चला," म्हणाली.

मामाने गाडी घातली. धोंड्यावर एक चाक सुटलं की बाकीची तीन ओढून घेत होती.

तळ्याकाठी त्याने डिकी उघडली, तिच्या पाठीशी उशा लावल्या. मशीन चालू होतं. पाणी करडं होतं, वारा बोचरा. फार काही सुंदर होतं असंही नाही. पाऊण तास दोघं बसून होती. तिने चप्पल काढून एक पाय ओल्या वाळूवर टेकवला.

"गार आहे," ती म्हणाली. बराच वेळ श्वास गोळा करून पुढे म्हणाली, "आज घाई नाही तुम्हाला."

"नाही," मामा म्हणाला.

अकराव्या दिवशी सिस्टर गेली, तिच्याच जुन्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर. परगावी शिकवणारी मुलगी धावत आली होती. सगळं आटोपल्यावर तिने स्वयंपाकघरात बापाला गाठलं.

"बाबा, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तरी नेलंत?"

"हो."

आईनेच हट्ट धरला, असं त्याला म्हणता आलं असतं. मुलीने तेही मानलं असतं कदाचित. मामा कप विसळत राहिला. मुलगी दुसऱ्या दिवशी परत गेली, त्यानंतर फोन करायची ती फक्त औषधं घेतलीत का एवढं विचारायला.

गाडी विकायला काढली तेव्हा पाठीवर सॅका अडकवलेलं एक तरुण जोडपं बघायला आलं. नवरा वाकून चाकं बघत होता, बायको आत बसून आरसा खालीवर करत होती.

"काका, ही तर नवीच दिसते. का विकताय?"

"आता लागत नाही."

"डोंगरात नेली होती का कधी? चढते ना नीट?"

टपावर पडलेलं एक वाळकं पान मामाने बोटाने बाजूला केलं.

"एकदा नेली होती," तो म्हणाला. "चढते. उतरताना तेवढं हळू घ्या."