पहिलं उत्तर

बीदरकडच्या माणसाला तब्येत विचारली की पहिलं उत्तर ठरलेलं: "बरं हाय." अंगात ताप असो, छातीत कळ असो, बरंच हाय. समोर बसून, चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारावं, तेव्हा कुठं खरं तोंडातून निघतं. विभाला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती बीदरजवळच्या नौबादचीच.

म्हणून बेंगळुरूच्या कंपनीत, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज फोन करून चौकशी करणारं यंत्र घडवताना तिनं पहिलाच नियम घातला: पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. जेवणाचं विचार, झोपेचं विचार, मग तब्येतीवर परत ये. आवाज ओढलेला वाटला तर घरच्यांना कळव.

तिचा साहेब किरणकुमार वैतागला. "फोन फार लांबतायत. माणूस बरं म्हणतोय तर बरं धरा ना."

विभा भांडली, पण बेतानंच. बढतीचं बोलणं चाललं होतं, साहेबाशी वाकडं कोण घेणार? नियम तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकला. वर नौबादला एकट्या राहणाऱ्या आपल्या आईचा नंबर त्या यंत्रात घातला, आणि स्वतःचा रोजचा फोन रविवारवर नेला.

आईला, मालतीबाईंना, त्या यंत्राचं कोण कौतुक. पण रविवारी म्हणायच्याच, "तुझी मशीन रोज इचारायलीय गं. तू कवा येणार?"

"येते गं, कामं हायत," विभा म्हणायची.

मग एका सकाळी शेजारच्या नेत्रावतीनं दार वाजवलं, ते उघडलंच नाही. मालतीबाई झोपेतच गेल्या होत्या. विभानं यंत्राच्या आदल्या संध्याकाळच्या फोनचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. आई धापा टाकत होती, शब्दाशब्दाला थांबत होती. "बरं... हाय." पुढं यंत्रानं 'सगळं ठीक'ची हिरवी खूण केली होती. मेल्याला एवढंही कळू नये? कसं कळणार, कळण्याची सोय तिनंच काढून टाकली होती.

दहाव्याच्या संध्याकाळी कुणीतरी आईचा बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला, आणि तो वाजला. विभानं उचलला.

"नमस्कार अक्का. तब्येत कशी हाय?"

विभाला वाटलं, कुणाला तरी सांगावं, भडाभडा सांगावं. पण तोंडातून निघालं ते सवयीचंच.

"बरं हाय."

ती फोन कानाला दाबून थांबली. आता जेवणाचं विचारेल. झोपेचं तरी विचारेल.

"छान," यंत्र म्हणालं, आणि फोन कट झाला.