दारावरचा संशयी

मी अंजनीचं यकृत बोलतोय. उजव्या बरगड्यांखाली माझा मुक्काम. कामं पुष्कळ आहेत, पण जीव लावून करतो ते एकच. लोहावर पहारा.

लोहावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. त्याच्याशिवाय रक्त बनत नाही, हे मान्य. पण एकदा आत शिरलं की त्याला बाहेर काढायची धड वाट शरीरात नाही. शिवाय जंतूंना ते फार आवडतं. म्हणून आतड्याला मीच निरोप धाडतो, आज इतकंच घ्या. कुठे सूज आहे, पू आहे अशी कुणकुण लागली, की मी दार जवळजवळ बंदच करून टाकतो.

अंजनी खरवईत राहते, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिवते. तिच्या गर्भाशयात गाठ झाली. पाळीत इतकं रक्त जाई, की दोन मजले चढताना ती तीनदा टेके. डॉक्टरांनी सांगितलं, हिमोग्लोबिन दहा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. ते होतं साडेसात. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत असं बजावलं. ती लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागली. सासू कमळाबाई माठाची भाजी, चवळी करून घालू लागली.

दोन महिन्यांनी तपासलं, तर पुन्हा साडेसातच.

कमळाबाईही माझ्याच जातीची संशयी. गोळीने मळमळतं म्हणून सून ती फेकून देते, असं तिने शेजारीपाजारी बोलून दाखवलं. अंजनी रडली. खरं मला ठाऊक होतं. ती एकूण एक गोळी गिळत होती, परतवून लावत होतो मी. कुठेतरी पू होता. कुठे, ते मात्र मला कळत नव्हतं.

एका सकाळी कमळाबाई समोर उभी राहिली. “आ कर. गालात धरतेस नि मोरीत थुंकतेस, मला ठाव हाय.”

अंजनीने तोंड उघडलं. कमळाबाईने गालात बोट फिरवलं. गोळी नव्हती. होती मागची किडकी दाढ आणि टरारून सुजलेली हिरडी. बोटाला पू लागला.

“किती दिवस झालं गो ह्याला?”

“दिवाळीपासून. सुट्टी मागितली की सेठ दुसरी बाई बसवतो, आत्या. लवंग धरून काढले दिवस.”

कमळाबाईने त्याच दिवशी तिला कुळगावात दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ काढली, औषध झालं. तरी मी काही दिवस कानोसा घेतलाच, सवय जात नाही. मग दार उघडलं. गोळ्या त्याच, लिंबूपाणी तेच. सात आठवड्यांत दहा पूर्णांक एक.

परवा ऑपरेशन आहे. काल कमळाबाई तिच्या उशाशी बसून म्हणाली, “उगाच आळ घेतला तुझ्यावर.” मला लाज वाटली. गोळ्या परतवल्या मी, बोलणी खाल्ली तिने.

म्हणून विनवतो. गोळ्या चालू असूनही घरातल्या बाईचं रक्त वाढत नसेल, तर तिच्यावर पाळत ठेवू नका. तिला जवळ बसवून विचारा, कुठे दुखतंय का.