जास्तीचे सहा सेकंद

राग माझ्या नाकावर असतो, हे घरात आणि कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच त्या मंगळवारी मॅडम "तुमचं विमान वर गेलं की आवरतच नाही" असं म्हणाल्या, तेव्हा मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास हळूच माझ्यापुढे सरकवला.

आम्ही खोटी विमानं बनवतो. एका शेडमध्ये विमानाचा पुढचा भाग कापून ठेवलाय, समोर तीन मोठे पडदे, आत खऱ्यासारखे काटे आणि दांडे. बाकीचे लोक लोखंड आणि वायरी बघतात, मी संगणकातली आकडेमोड लिहिते. इंजिन किती ओढतं, हवा किती अडवते, काटा काय दाखवतो, हे सगळं माझ्या डोक्यातून निघतं. मॅडम विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत मुख्य शिक्षिका. त्यांनी शनिवारपर्यंत पसंतीची सही केली तर संस्था आमचं यंत्र घेणार होती. नाही केली, तर मालक विमानांचा नाद सोडणार होते आणि मी परत वाहनतळाच्या पावत्या छापणाऱ्या कामावर जाणार होते. चार वर्षं मी ते केलंय. गाडी आली, वेळ लिहा, गाडी गेली, वेळ लिहा.

मॅडमना माझ्या सूत्रांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे कोपरे झिजलेली एक वही होती. तीत खऱ्या विमानात मोजलेले आकडे. त्यांची परीक्षा साधी होती. विमान सरळ, एकाच उंचीवर न्यायचं, थ्रॉटल पूर्ण मागे ओढून इंजिनाचा जोर काढून घ्यायचा आणि वेगाचा काटा एकशे दहा नॉटवरून ऐंशीवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वहीत लिहिलं होतं, जमिनीजवळ चौदा, दहा हजार फुटांवर सोळा. आमच्या यंत्रात खाली बरोबर चौदा आले. वर बावीस.

"हे सहा सेकंद कुठून आले?" मॅडमनी विचारलं.

"तुमचं घड्याळ एकदा तपासून घ्या," मी म्हणाले.

मालकांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी वही बंद केली, पर्स उचलली आणि "शनिवारी येते" एवढंच बोलून गेल्या.

"अगं, हवेची ओढ थोडी वाढवून टाक ना," मालक म्हणाले. "कोण बघतंय आत?"

मला ते पटलं नव्हतं, पण वाढवली. वर सोळा आले आणि खाली चौदाचे दहा झाले. त्यात भर म्हणजे विमान धावपट्टीवरून उठेचना. पट्टी संपली तरी ते धावत होतं आणि शेवटी पडद्यावरच्या झाडांत घुसलं. डोकं झाकावं तर पाय उघडे. बुधवारचा दिवस मी पांघरूण वर-खाली ओढण्यात घालवला आणि माझी सगळी सूत्रं बरोबर असल्याची खात्री तीनदा करून घेतली. तिन्ही वेळा ती बरोबर होती.

गुरुवारी सकाळी चहाचा कप मी जरा जोरात आपटला. आई पुढच्या खोलीत कापड बेतत होती. ती घरीच शिवणकाम करते.

"कपानं काय केलंय तुझं?" ती म्हणाली.

"तुला नाही कळणार गं."

"कळेल असं सांग मग. शिकलेली तू आहेस."

माझा पारा चढला आणि त्या तिरमिरीतच मी सांगायला लागले. "विमानातल्या काट्याला खरा वेग कळतच नाही. पंखाखाली एक नळी असते, तिच्यात समोरून हवा घुसते. हवेचा जोर जितका जास्त, तितका काटा पुढे. वर हवा विरळ, म्हणून जोर कमी. विमान पळतंय एकशे अठ्ठावीसनं आणि काटा म्हणतो एकशे दहा."

"म्हणजे काटा खोटारडा."

"खोटारडा नाही. त्याला फक्त हवेचा जोर कळतो."

"आणि विमानाला मागे ओढते तीही हवाच ना? ते कसं काढतेस तू?"

"काट्यावरच्या आकड्यावरून. आणि मग वरची हवा विरळ असते, म्हणून त्यातून आणखी कमी करते."

आईची कात्री थांबली. "आणखी कशाला? काटा कमी दाखवतो तो विरळ हवेमुळेच ना? मग त्यात एकदा कमी झालंय की."

मी कप बाजूला सारला.

"भिजवून आटवलेलं कापड घ्यायचं आणि आटण्यासाठी वर पुन्हा सूट ठेवायची, असं झालं हे," ती म्हणाली. "मी केलं होतं एकदा. त्या गिऱ्हाइकाच्या विजारीत दोन माणसं मावली असती."

वाद घालायला म्हणून मी सूत्र कागदावर मांडलं आणि चूक समोरच आली. हवेचा विरळपणा मी दोनदा धरला होता. खाली हवा भरपूर, तिथे कमी करण्यासारखं काही नाही, म्हणून चूक दिसली नाही. वर मात्र ओढ नको इतकी घटली आणि विमान मोकाट सुटलं. सूत्र बरोबरच होतं, मी त्यात आकडा भलताच घालत होते. आईला मी मिठी मारली, तर ती म्हणाली, "बाजूला हो, बेत हलेल."

एक ओळ बदलली. खाली चौदा, वर सोळा. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

शनिवारी मालकांनी मला दारातच गाठलं. "काय बदललं विचारलं तर 'सुधारणा केली' म्हणायचं. चूक हा शब्द काढायचा नाही."

मॅडमनी यंत्रात बसून दहा हजार फुटांवर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सोळा. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलंच, "काय केलंस?"

"माझी चूक होती," मी म्हणाले. मालक कण्हले. मी सगळं सांगितलं, आईच्या विजारीसकट. "आणि घड्याळाचं बोलले, तेही चुकलं माझं."

"घड्याळ मी खरंच तपासून घेतलं," मॅडम म्हणाल्या. "इतकी ठाम बोललीस की मला माझीच शंका आली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी पेन काढलं, कागदावर टेकवलं आणि थांबल्या. "तू विमानात किती वेळा बसलीयस?"

"एकदाही नाही."

पेनचं टोपण लागलं. "मग सही आज नाही, एक दिवस संस्था थांबेल. माझी मुलं तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून उडणार आहेत. उद्या सकाळी सातला मैदानावर ये. खऱ्या विमानात तू मोज. तुझ्या तोंडून सोळा आले की सही."

दुसऱ्या दिवशी दहा हजार फुटांवर पोहोचायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला. दार थरथरत होतं, पाय गारठले होते आणि मी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. माझ्या यंत्रात यातलं काहीच नव्हतं. मॅडमनी विमान सरळ केलं. काटा एकशे दहावर स्थिरावला.

"मोज," त्या म्हणाल्या आणि थ्रॉटल मागे ओढलं.

इंजिनाचा आवाज पडला. मी सीटवर पुढे कलंडले. कुणीतरी मागून पदर धरून ओढावं, तशी हवा आम्हाला धरत होती. एक, दोन, तीन. चार वर्षं पावत्या छापल्या, पुढची चारही छापायची का, ते आता या काट्यावर होतं. दहा, अकरा. मी मोठ्यानं मोजत राहिले. चौदा, पंधरा.

"सोळा!" मी ओरडले. काटा ऐंशीवर होता. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, लपवायला जागाच नव्हती.

मॅडमनी कागद मांडीवर घेऊन सही केली आणि माझ्या हातात दिला. "चल, उतरू या."

"मॅडम," मी म्हणाले, "आणखी एकदा मोजू या ना."