दाताला लागेल इतपत

पहिला घास बाबांनी माझ्या ओढणीवर थुंकला, दुसरा उशीवर, आणि तिसऱ्याला तोंडच उघडलं नाही. मी वाटी स्टुलावर आपटली.

"ही खळ आहे," ते म्हणाले. झटका येऊन उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्यांचं बोलणं ओल्या फडक्यातून आल्यासारखं यायचं, पण हा शब्द अगदी खणखणीत आला. "कपड्यांना लाव."

मी लॉन्ड्रीत काम करते. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट, लग्नाचे शर्ट, सगळ्यांना खळ देऊन कडक इस्त्री करायची, हाच माझा धंदा. तेव्हा टोमणा बरोबर वर्मी बसला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. दिवसभर वाफेत उभं राहून यायचं, यांची चादर बदलायची, यांना पुसायचं, मग यांच्यासाठी पास्ता शिजवायचा, आणि वर हे ऐकायचं.

पास्ता त्यांनीच मागितला होता. बाबा जन्मभर मालवाहू जहाजावर आचारी होते. तिथं भाज्या सडायच्या, अंडी संपायची, पण वाळका पास्ता कायम असायचा. तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर खीर नको, सूप नको, कुस्करलेला बटाटा तर डोळ्यांसमोरही नको. खाईन तर पास्ता, म्हणाले. घरी येणाऱ्या सिस्टरनं मान डोलावली. "द्या, पण मऊ. अगदी मऊ. सॉसमध्ये कुस्करून, लहान चमच्यानं, ताठ बसवून, हनुवटी खाली करून." मी तसंच करत होते. पार लगदा होईपर्यंत शिजवत होते.

तोंड वाकडं करायला त्यांना आता कष्ट पडत नव्हते, अर्धं आधीच वाकडं होतं. उरलेलं अर्धं ते माझ्यासाठी वाकडं करायचे.

त्यांचं वजन उतरत चाललं होतं. पायजम्याची नाडी आवळून आवळून मी थकले. शेवटी सिस्टरनं त्यांच्यासमोरच सांगून टाकलं, सोमवारी डॉक्टर येतील, तोवर पोटात काही जात नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल. बाबांनी डावा हात उचलला आणि नाही म्हणून हलवला. ती गेल्यावर मला म्हणाले, "नळी घातली की माणूस जेवणाच्या टेबलावरून उठला. कायमचा."

"मग खा ना. कोणी धरलंय तुम्हाला?"

"तू नीट शिजव. मग खातो."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. पण खरं सांगायचं तर त्या बोलण्यानं मला बरंही वाटलं. दोष माझ्या हाताचा असेल तर तो सुधारता येतो. गळ्याचा असेल तर मी काय करणार होते? मला तो माझाच असायला हवा होता.

रविवारी लॉन्ड्री बंद. सकाळीच मी शेजारच्या मावशींना हाक मारली आणि दोघींनी मिळून बाबांची चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली.

"आज साहेबांचा हुकूम चालणार," मी म्हणाले.

"चालू दे बाई," मावशी म्हणाल्या. "नाहीतरी बिछान्यातून चालतोच आहे." बाबांच्या चांगल्या बाजूचा ओठ जरासा हलला. मावशी हसत आपल्या घरी गेल्या.

मी नेहमीचं पातेलं काढलं.

"मोठं," बाबा म्हणाले.

"एका माणसासाठी?"

"पास्त्याला हातपाय पसरायला जागा लागते. मोठं काढ."

माळ्यावरून डेग काढली, घासली, पाण्यानं भरली. उकळी येईपर्यंत ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. मी हळूच तेलाची बाटली उचलली.

"तेल कशाला?"

"चिकटू नये म्हणून. आई घालायची."

"सॉस धरत नाही मग. निसटतो. आधी ढवळलं की चिकटत नाही." मग म्हणाले, "तिला सांगायला हवं होतं मी. सुट्टीवर आलो की स्वयंपाकघरात पाय टाकायचा कंटाळा यायचा."

मी बाटली ठेवून दिली. पाणी खळखळायला लागल्यावर मीठ टाकलं आणि चमच्यात पाणी घेऊन, फुंकून त्यांच्या ओठाला नुसतं टेकवलं.

"अळणी."

"समुद्रासारखं खारट करायचं असतं, असं ऐकलंय मी."

"सांगणाऱ्यानं समुद्र प्यायलेला नसतो. चांगल्या सूपइतकं कर."

अजून मीठ टाकलं. मग पिळाचा पास्ता टाकला, आणि त्यांनी हवेत डावा हात गोल फिरवला: ढवळ. मी ढवळत राहिले. झाकण हातात घेतलं तर मान हलली: नको. त्यांच्याकडे बघितलं तर घाम आलेला, पण पाठ ताठ. इतके दिवस उशा खोचून खोचून बसवावं लागायचं, तो माणूस आपण होऊन ताठ बसला होता. मला हसूच आलं.

दुसऱ्या शेगडीवर पसरट भांड्यात लसूण आणि टोमॅटो. लसूण लाल व्हायच्या आत टोमॅटो, हेही त्यांनीच सांगितलं. मी घड्याळाकडे बघायला लागले तसे ते करवादले.

"पाकिटावरची वेळ नंतर बघ. एक काढ आणि चाव."

मी चावला. "कच्चा आहे."

"आत बघ. पांढरा ठिपका दिसतो?"

दिसत होता, टाचणीच्या डोक्याएवढा. जन्मभर पास्ता खाल्ला, कधी आत बघितलं नव्हतं.

"तो जाता जाता उचल. पुरा जाऊ देऊ नकोस. उरलेला सॉसमध्ये शिजतो. आणि पाणी सगळं ओतू नकोस, वाटीभर ठेव."

ते पांढरट पाणी बघून मी म्हणाले, "ही तर माझी खळ."

"तीच. सॉसला धरून ठेवते. जास्त झाली की चिखल."

ठिपका नावापुरता उरला तसा मी पास्ता झाऱ्यानं थेट सॉसमध्ये टाकला, त्यावर डावभर ते पाणी, आणि आच मोठी करून भांडं हलवत राहिले. आमच्याकडे खळ अंगाला धरायला लागली की कापड हाताला वेगळं लागतं. तसंच झालं. मघाशी सॉस एकीकडे आणि पास्ता एकीकडे होता, आता दोघांचं जमलं. वास असा सुटला की मलाच भूक लागली.

"आण," बाबा म्हणाले.

आता मला भीती वाटली. सिस्टरनं मऊ सांगितलं होतं. हा मऊ नव्हता, दाताला लागत होता. "अर्धा तुकडा देते," मी म्हणाले. "हनुवटी खाली. घाई नाही करायची."

"दे गं, ठमे."

मी एक पीळ कापून अर्धा केला आणि त्यांच्या चांगल्या बाजूनं तोंडात ठेवला. त्यांनी डोळे मिटले. चावत राहिले, अगदी हळू. लुळ्या कोपऱ्यातून सॉस हनुवटीवर आला, मी पुसला नाही. गळ्याची घाटी वर गेली आणि तिथूनच परत खाली आली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली.

"गिळा, बाबा."

ते प्रयत्न करत होते. कपाळावरच्या शिरा दिसायला लागल्या. खुर्चीचा हात डाव्या मुठीत आवळलेला. मग ठसका लागला, आणि तोंड काळंनिळं झालं. मी त्यांना पुढं वाकवून पाठीत बुक्क्या घातल्या, देवाचं नाव घेत, शिव्या देत, काय काय बोलले मला आठवत नाही. घास बाहेर पडला. बराच वेळ नुसता घरघरणारा श्वास ऐकू येत होता.

तो चावलेला तुकडा त्यांच्या मांडीवर पडला होता. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला, बोटांत दाबून बघितला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"बरोबर शिजलाय," ते म्हणाले.

"कुठला बरोबर? कच्चा राहिला. माझंच चुकलं, मी आधी काढला. अजून थोडा शिजवते, मग जाईल."

"ठमे."

"मीठही जास्तच पडलंय. तुम्ही सांगितलंत त्याच्यापेक्षा मी—"

"मी आचारी आहे," बाबा म्हणाले. "बरोबर शिजलाय."

एवढे दिवस या माणसानं माझा जीव नकोसा केला होता, आणि आता मला वाटत होतं की यानं पुन्हा थुंकावं, नावं ठेवावीत, काहीही म्हणावं.

"आधीचाही घशातच अडकत होता," ते म्हणाले. "मला वाटलं, तूच... उगाच ऐकून घेतलंस."

"उगाच कुठं? उलट बोललेच की मी."

"ते बोललीस." मग त्यांनी भांड्याकडे बोट केलं. "गार होतोय. खा."

"मला नको."

"गार झाला की वाया जातो. टेबलाशी बसून खा."

मी थाळीत वाढून घेतला आणि टेबलाशी बसले. त्यांनी खुर्ची वळवायला लावली, समोरासमोर. मी खात होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, प्रत्येक घासाला. कितीतरी खलाशांकडे त्यांनी असं बघितलं असेल. रडत रडत खाणं फार अवघड असतं, नाकातून पाणी येतं, पण मी थाळी चाटूनपुसून संपवली. त्यांनी विचारलं, "चावायला लागतो का?" मी म्हटलं, लागतो. मग त्यांनी मान खुर्चीच्या पाठीला टेकवली, आणि सकाळपासूनचा ताठपणा सगळा गेला.

"उद्याची वाट कशाला बघायची," ते म्हणाले. "लाव तिला फोन."

मी हात धुतले आणि फोन लावला. सिस्टरला म्हणाले, बाबा नळीला तयार आहेत.

"आज काही खाल्लं का त्यांनी?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पास्ता चांगला झाला होता."