ओटीत मागितलेलं मत

आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून देश चालवायची फार घाई झाली आहे. उभा जन्म इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या लोकांचे घसे तपासण्यात गेला, तेव्हा राजकारणावर अवाक्षर नाही. आणि आता सकाळी चहाच्या आधी ब्रसेल्सची खरडपट्टी! युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावर जूनमध्ये सगळ्या देशानं मत द्यायचं ठरलं, तेव्हापासून तर विचारूच नका. डॉक्टर दीनानाथ दातार बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूचे. नुसते बाजूचे असते तर मी कानात बोळे घालून पोळ्या लाटल्या असत्या. पण ह्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी चक्क मराठीतून पत्रक काढलं.

‘युरोपातून येणारे लोंढे थांबवा. ना व्हिसा, ना परीक्षा, पासपोर्ट दाखवला की आत! त्यांना दार बंद झालं की आपली शिकलीसवरली मुलं इथे येतील. आपल्या माणसांसाठी बाहेर पडा.’

खोटं कशाला बोलू, मला ते पत्रक पटलं होतं. माझी धाकटी बहीण अनुराधा नागपूरला असते. तिचा शार्दूल सॉफ्टवेअरमध्ये आहे, पोरगा हुशार, आणि इथला व्हिसा त्याला दोनदा नाकारला. दर रविवारी अनुराधाचा फोन. “ताई, भाऊजी म्हणतात ते खरं आहे का गं? तुम्ही बाहेर पडलात की आमच्या पोराचं काम होईल?” मी म्हणायची, होईल गं, होईल. जसं काही व्हिसा देणारं होम ऑफिस माझ्या माजघरातच होतं.

मे महिन्यात माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. मंडळातल्या झाडून सगळ्या बायका येतात. दिवाणखान्यात झोपाळ्यात गौर बसवते, पन्हं, आंब्याची डाळ, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. आता डाळीचं सांगते. माझ्या डाळीचा दर वर्षी गिचका होतो. म्हणून ती शशी करून आणते, आणि सगळ्याजणी मला म्हणतात, “सुप्रभा, डाळ काय झालीय!” आणि मी खुशाल मान डोलावते. शशी कोपऱ्यात बसून गालात हसते. इतकी जवळची माझी शशी.

शशी नाईक आमच्यापासून चार घरं सोडून राहते. मूळची गोव्याची, फोंड्याची. नवरा बस चालवतो, ती शाळेच्या किचनमध्ये कामाला. मराठी आमच्यासारखंच, फक्त मध्येच “गो” म्हणते. गणपतीत आरत्या हिच्याइतक्या कुणाला पाठ नाहीत. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सकाळी कामावर जाण्याआधी येऊन मला आंघोळ घालायची. आमचे हे डॉक्टर, पण त्यांना माझ्या केसातला गुंता काढता येत नाही. तो शशीनं काढला.

तर हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, “एवढ्या बायका येणारच आहेत, हरभऱ्याच्या पिशव्यांमध्ये एकेक पत्रक टाकून दे.” मी टाकलं. माझ्या हातांनी, एकेका पिशवीत घडी घालून. टाकताना शशीचं तोंड एकदाही डोळ्यांसमोर आलं नाही. अगदी एकदाही.

रेखाकाकूंनी पिशवी उघडली. त्यांचा चष्मा नेहमीसारखा घरी. “शशी, तुझे डोळे चांगले आहेत. काय लिहिलंय गं, वाच जरा मोठ्यानं.” शशीनं कागद घेतला आणि खणखणीत वाचायला लागली. लोंढे थांबवा. ना व्हिसा, ना परीक्षा. बायका माना हलवत होत्या, एकजण म्हणालीसुद्धा, “खरंच आहे बाई, आम्ही किती खस्ता खाल्ल्या!” पुढे ‘पासपोर्ट दाखवला की आत’ आलं आणि शशी थांबली. कागदाकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, “अगो, म्हणजे मीच की!”

कुणाला कळेना. मला कळलं. हातातलं पन्ह्याचं भांडं मी खाली ठेवलं. शशीचे वडील पोर्तुगिजांच्या राज्यात जन्मले. त्यावर तिनं आणि नवऱ्यानं पोर्तुगालचा पासपोर्ट काढला, तेव्हा भारताचा गेला. आमच्या गल्लीत ती गोव्याची, सरकारदरबारी ती पोर्तुगीज, म्हणजे युरोपातली. सगळ्यांना ठाऊक होतं हो हे! पण लोंढे म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर पोलंडचे प्लंबर यायचे. काठापदराच्या साडीत आरती म्हणणारी बाई कशाला येईल?

“छे गं, तू नव्हेस,” रेखाकाकू म्हणाल्या. “तू आपली. हे त्या दुसऱ्यांबद्दल आहे.”

“हो ना, तुला कोण काय म्हणतंय?” आणखी कुणीतरी.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या, तू नव्हेस, तू नव्हेस. बिचारी हसत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तिनं पत्रकाची घडी घातली तशीच, आणि परत पिशवीत ठेवली. माझ्या घरचं हळदीकुंकू, माझ्या गौरीसमोर, तिनं केलेली डाळ खाता खाता तिला तिच्याच तोंडून हे ऐकवलं आम्ही. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. पण धरणी कुठली घेते, चहाचं बघावं लागलं.

ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. मी म्हटलं, “शशी, अगं ह्यांचा तो मेला उद्योग. मला खरंच सुचलं नाही.”

“राहू दे गो. डॉक्टरांचा राग नाही मला.” मग म्हणाली, “मला मत नाही, माहितीय तुला? ह्या बाबतीत युरोपच्या पासपोर्टवाल्यांना विचारतच नाहीत. ती ईशिता बघ, पुण्याहून येऊन तिला वर्ष नाही झालं, व्हिसावर आहे, तिला मत आहे. भारताचा पासपोर्ट, कॉमनवेल्थ ना. आणि मी इथे केस पांढरे केले. माझ्या घराचं काय करायचं ते तुम्ही सगळ्या ठरवणार.”

मी कप पुसत राहिले. तर तिनं काय करावं, माझ्यासमोर पदर पसरला. थट्टेनंच, तोंडावर हसू होतं. “हरभरे घातलेस ओटीत. आता तुझं एक मत पण घाल. माझ्यासाठी, राहायच्या बाजूनं.”

ओटीत मागितल्यावर नाही म्हणतात का कुणी? “घातलं,” मी म्हटलं, आणि तिच्या पदरावर हात ठेवला. त्या क्षणी मनापासून म्हटलं होतं, गौरीची शपथ.

जूनमध्ये मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो, तिथेच केंद्र होतं. ह्यांचं झालं, माझी पाळी आली. लाकडी खोक्याआड उभी राहिले, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली. आदल्या रात्री अनुराधा फोनवर रडली होती. शार्दूल आता कंटाळलाय म्हणे, कुणाशी बोलत नाही. पण सगळं त्या पोरावर ढकलणं बरं नाही. तिथे उभं असताना माझ्या मनात दुसरंच आलं. आम्ही इथे आलो तेव्हा ह्यांनी परीक्षा दिल्या, रात्रपाळ्या केल्या, एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवून दिवस काढले, दर वेळी व्हिसाला हात जोडून उभे. आणि शशी? पोर्तुगाल तिनं नकाशातसुद्धा धड बघितलेलं नाही. लाल पासपोर्ट दाखवला आणि आली. इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या आत कुठेतरी बसून होती, आणि मला पत्ता नव्हता. केसातला गुंता काढणाऱ्या बाईबद्दल! मी बाहेर पडायच्या चौकटीत फुली मारली. घडी केली आणि पेटीत टाकली.

गाडीत ह्यांनी विचारलं, “मारलीस ना बरोबर?” मी हो म्हटलं. म्हटलं, एका मतानं काय होतंय? सगळे म्हणतायत राहणारेच जिंकणार. शार्दूलचंही मन राखलं, शशीचंही काही बिघडत नाही. असा सगळा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी सकाळी देश बाहेर पडला होता. हे टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होते. फ्रीजमधला पेढ्यांचा बॉक्स बाहेर निघाला. मी नुसती खुर्चीत बसले. बेल वाजली.

दारात शशी. कामावर जायचे कपडे, डोळे सुजलेले, हातात स्टीलचा कडीचा डबा. मला वाटलं, आता ही मला धरून रडणार, आणि मी काय करणार? पण ती माझंच सांत्वन करायला आली होती.

“तुझी आठवण आली गो,” ती म्हणाली. “म्हटलं, ह्या घरात डॉक्टरांच्या विरोधात मत द्यायचं म्हणजे तुला किती जड गेलं असेल. आणि वर हरलीस पण. रात्रभर झोप नव्हती, तर उठून डाळ केली. दुकानात शेवटच्या कैऱ्या होत्या.” डबा माझ्या हातात दिला. “नवरा म्हणतो, आपलं इथे कोणी नाही. मी म्हटलं, एक मत तरी आपल्याला पडलंय. मी स्वतः ओटीत घेतलंय.”

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं होतं. “शशी, ऐक ना—” एवढंच निघालं, आणि मागून आमचे हे आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

“या या, शशीवहिनी! तोंड गोड करा. तुम्हाला कुणी हलवत नाही हो इथून, त्याची काळजी सोडा. आमच्या घरची दोन्ही मतं कामी आली बघा! सुप्रभाला शेवटपर्यंत मनवावं लागेल वाटलं होतं, पण हिनंही झटक्यात बाहेरच मारलं.”

शशीनं माझ्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे नाही, पेढ्याकडे नाही, माझ्याकडे. मी खाली बघितलं. तेवढं उत्तर तिला पुरलं.

भांडली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या, डबा हिसकावून घेतला असता. तिनं पेढा घेतला. सणासुदीला आमच्या घरचं कधी नाकारलं नव्हतं, तसाच घेतला, मुठीत धरला, आणि म्हणाली, “उशीर झाला गो, शाळेत पोरं जेवायला येतील.” आणि गेली.

ती डाळ मी खाल्ली नाही. ह्यांनी खाल्ली, छान झालीय म्हणाले. मी डबा घासून, पुसून ओट्यावर ठेवला, आणि तिथून पुढे माझी पंचाईत सुरू झाली. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, चिमूटभर साखर का होईना. आमचे दोघींचे डबे वर्षानुवर्षं असेच जात-येत राहिले, तिच्याकडून चणे आले की माझ्याकडून चिवडा. आता मी काय घालू? लाडू करायला घेतले, वळताना हात थांबले. साखर घातली, काढून टाकली. एक दिवस मूठभर हरभरे भिजवले, आणि डब्यात घातल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की ओट्याशी उभी राहून रडले. अनुराधाचा फोन आला, मी उचलला नाही.

डबा काही माझ्या हातून जाईना. शशी मंडळात आली नाही. रस्त्यात दिसली की दुरूनच हात करायची आणि दुसऱ्या बाजूला जायची.

काल तिचा मेसेज आला. ‘डबा रिकामाच दे. पायरीवर ठेवलास तरी चालेल.’

मी तो ह्यांना वाचून दाखवला. देश चालवणाऱ्या ह्यांनी पहिल्यांदाच बातम्या सुरू असताना टीव्ही बंद केला आणि आत जाऊन बसले.

आज सकाळी, ती शाळेत गेली असेल अशा वेळी, मी डबा घेऊन चार घरं चालत गेले. पायरीवर ठेवला. वारा होता, म्हणून कडी लावली. तरी जाताना दोनदा वळून बघितलं, रिकामा असल्यामुळे उडून जाईल की काय असं वाटत होतं. आतून रेडिओ ऐकू येत होता, आणि नवरा तर पहाटेच बसवर जातो. म्हणजे ती घरीच होती.

बेल वाजवायची माझी हिंमत झाली नाही.